एका घरात दोन चिमण्या

किंक्रांतीच्या दिवशी रात्री पावणेदहाला फोन आला. "ताई, कार्बन मोनॉक्साइडची ती डबी परत बोंबलायला लागलीय. मागच्याच आठवड्यात बॅटरी बदलली होती. काय करू?"

मी विचारलं, "तुम्ही सगळे कुठे आहात?"

"घरातच आहोत."

"आधी सगळे बाहेर पडा. दार उघडं टाका. मग बोल."

बाहेर दोन अंश तापमान होतं. सातारहून आलेले काका-काकू, दोन लहान मुलं आणि हे दोघं नवरा-बायको गाडीत जाऊन बसले. हे कुटुंब मंडळाच्या ओळखीतलं. मी इथे इंग्लंडमध्ये इमारतींच्या वायुवीजनाचं आणि तापवण्याच्या यंत्रणांचं काम करते, म्हणून फोन मला आला. काकांचं डोकं संध्याकाळपासून ठणकत होतं आणि मळमळत होतं, हे दोन मिनिटांनी कळलं. मी म्हटलं, आता मला नको, ९९९ ला फोन कर.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण या घरात कोणीही ढोबळ चूक केलेली नव्हती. स्टोव्ह चांगल्या बनावटीचा होता, तो बसवल्याचं प्रमाणपत्र होतं, अलार्म होता आणि तो योग्य जागी होता. तरीही धूर उलटा फिरला.

घर

घर लीड्सच्या उत्तरेला, १९३० च्या दशकातलं, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं. आधीच्या मालकाने स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून एकच लांब खोली केली होती. जुन्या कोळशाच्या उघड्या शेकोटीच्या जागी लाकडावर चालणारा, काचेच्या दाराचा पाच किलोवॅटचा लोखंडी स्टोव्ह बसवला होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गॅसची शेगडी आणि तिच्यावर पंख्याची चिमणी.

इथे शब्दांचा घोळ होतो. आपल्याकडे हल्ली चिमणी म्हटलं की फोडणीचा वास ओढून घेणारं शेगडीवरचं यंत्रच डोळ्यांपुढे येतं. म्हणून या लेखात चिमणी म्हणजे ते यंत्र, आणि स्टोव्हचा धूर छपरावर नेतं ते धुराडं. दोन्ही एकाच खोलीत होती. दोघांनाही हवा त्याच खोलीतून हवी होती. एकाला वीज लावलेली, दुसऱ्याच्या मागे फक्त स्वतःची ऊब.

आमच्या मंडळींनी घर घेतल्यावर भिंतींच्या पोकळीत उष्णतारोधक भरून घेतलं, खिडक्या दुहेरी काचेच्या केल्या, फळ्यांच्या जमिनीवर लॅमिनेट टाकलं आणि कडेने सिलिकॉन भरलं. खिडक्यांच्या वरच्या चौकटीत हवा यायला बारीक फटी ठेवलेल्या असतात. त्यांतून गार झुळूक येते म्हणून त्यांवर टेप लावली. यात दोष द्यावा असं काही नाही. वीज आणि गॅसची बिलं बघून इथे सगळेच हे करतात.

त्या संध्याकाळी

काकू गुळाच्या पोळ्या करत होत्या. किंक्रांतीला उरलेल्या सारणाच्या. तव्यावर गूळ जरा सुटला की धूर होतो, म्हणून चिमणी सहा वाजल्यापासून पूर्ण वेगावर होती. स्टोव्ह दुपारी पेटवला होता. जेवणं झाल्यावर नवीन लाकूड घातलं नाही. निखारे होते, ऊब होती, म्हणून हवेची दांडी जवळजवळ बंद करून स्टोव्ह धुमसत ठेवला.

काका सोफ्यावर, स्टोव्हच्या सगळ्यात जवळ बसलेले. डोकं दुखायला लागलं तेव्हा त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोविडपासून ते यंत्र त्यांच्या पिशवीतून हललेलं नाही. आकडा आला ९८. "ऑक्सिजन उत्तम आहे, प्रवासाचा शीण असेल," म्हणून ते तिथेच पडून राहिले.

इथे थोडं थांबते, कारण आता घरोघरी ऑक्सिमीटर आहे. हे यंत्र रक्तातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून हिमोग्लोबिनवर काहीतरी बसलंय की नाही ते ओळखतं. बसलेला प्राणवायू आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या साध्या यंत्राला वेगळं करता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरून बसतो, आणि यंत्र त्यालाच प्राणवायू समजून मोजतं. माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८ दिसू शकतं. खरं काय ते रक्ताच्या तपासणीतच कळतं. काकांच्या रक्तात त्या रात्री कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन सात टक्क्यांच्या वर निघालं. त्यांनी जन्मात विडी ओढलेली नाही. मुखवट्यातून प्राणवायू दिला, सकाळी घरी सोडलं. मुलं वरच्या मजल्यावर झोपलेली होती, त्यांना फारसं काही झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट अलार्मची. मागच्या आठवड्यात तो वाजला तेव्हा त्यांना वाटलं बॅटरी संपली. बॅटरी संपत आली की बहुतेक अलार्म मिनिटाभराने एकदा "टिक" करतात. वायू सापडला की ओळीने चार जोरात शिट्या, मग थोडा विसावा, परत चार. मागच्या आठवड्यात चार शिट्याच होत्या. बॅटरी बदलायला डबी काढली, बाहेरच्या खोलीत नेली, तिथे ती गप्प झाली, आणि सगळ्यांना वाटलं बॅटरीच होती. या डब्या उशिरा वाजतात तेही मुद्दाम तसंच ठरवलेलं आहे. हवेत दहा लाखात ५० भाग असतील तर युरोपीय मानकाप्रमाणे एक ते दीड तासात वाजायचं, १०० भाग असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० असतील तर तीन मिनिटांच्या आत. त्यामुळे डबी वाजली म्हणजे वायू आत्ता आलाय असं नसतं. तो बराच वेळ खोलीत आहे. या डबीच्या स्मृतीत त्या रात्रीचा सर्वांत मोठा आकडा ९४ होता.

कागद

आधीच्या मालकाची फाइल मी दुसऱ्या दिवशी वाचली. इंग्लंडमध्ये स्टोव्ह आणि धुराड्यासाठी 'अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट जे' नावाची सरकारी मार्गदर्शिका आहे. काम एकतर नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला कळवून करायचं, नाहीतर हेटाससारख्या योजनेत नोंदलेल्या कारागिराकडून करून घ्यायचं. स्टोव्ह बसवताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१० पासून सक्तीचा आहे.

हवेबद्दल मार्गदर्शिका म्हणते: जुनं, फटींचं घर असेल तर बंद स्टोव्हच्या पहिल्या पाच किलोवॅटला घराच्या फटींतून येणारी हवा पुरते. पाचच्या पुढच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटरचं, कधीही बंद न करता येणारं भोक भिंतीत हवं. घर घट्ट बांधणीचं असेल, तर ही पाच किलोवॅटची सूट नाही. पहिल्या किलोवॅटपासून ५५०.

फाइलवर लिहिलं होतं, पाच किलोवॅट, जुनं घर, भोक लागत नाही. लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. दुकानांत पाच किलोवॅटचे स्टोव्ह इतके खपतात त्याचं एक कारण हेच आहे, भिंत फोडावी लागत नाही. पण त्यानंतर घर बदललं. प्रत्येक बदलाला वेगळा कारागीर आला, आणि आपापलं काम चोख करून गेला. खिडकीवाल्याने स्टोव्हकडे पाहिलं नाही, भिंत भरणाऱ्याने चिमणीकडे पाहिलं नाही. घराच्या हवेचा जमाखर्च एका वहीत कोणी मांडलाच नव्हता.

त्याच मार्गदर्शिकेत हेही आहे की लाकूड-कोळशाच्या स्टोव्हच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा शक्यतो बसवूच नये. मधली भिंत होती तोवर चिमणी दुसऱ्या खोलीत होती. भिंत पडली तेव्हा ती स्टोव्हच्या खोलीत आली. एक वीटही न लावता नियम मोडला गेला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शनिवार

शनिवारी मी धुराडी साफ करणाऱ्या एका अनुभवी माणसाला घेऊन गेले. त्याने आधी छपरावरची टोपी काढली. पक्षी जाऊ नयेत म्हणून तिला जाळी असते. जाळीची निम्मी भोकं काळ्या, चकचकीत, डांबरासारख्या थराने बुजली होती. लाकूड ओलं जाळलं की हा थर धरतो. मागच्या अंगणात शेजाऱ्याने तोडलेल्या झाडाचे ओंडके होते. एक फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजला तर २७ टक्के. २० च्या खाली हवा. इथे मे २०२१ पासून दोन घनमीटरहून कमी लाकूड विकायचं असेल तर ते २० टक्के किंवा त्याहून कोरडं असावं लागतं. फुकटच्या ओंडक्याला तो कायदा लागत नाही.

आम्हा दोघांनाही वाटलं, सापडलं कारण. जाळी साफ केली, धुराडं झाडलं आणि चाचणी घेतली. धुराची गोळी पेटवून स्टोव्हमध्ये ठेवली, चिमणी बंद. पांढरा धूर सरळ वर गेला. मग त्या माणसाने मला चिमणी पूर्ण वेगावर लावायला सांगितलं. आठ-दहा सेकंद धूर घुटमळला. मग स्टोव्हच्या दाराच्या खालच्या कडेने एक पातळ पांढरी जीभ बाहेर आली, जमिनीला लागून सरकली, आणि सोफ्याखालून शेगडीकडे निघाली. काका खुर्चीत बसून बघत होते. ती जीभ त्यांच्या पायांजवळून गेली. कोणी काही बोललं नाही.

जाळी साफ करून सुद्धा हे झालं. तिथेच थांबलो असतो तर "जाळी बुजली होती" असं लिहून मोकळे झालो असतो, आणि पुढच्या सणाला डबी परत वाजली असती.

मग स्टोव्ह पेटवून दाब मोजला. धुराड्यात आणि खोलीत दाबाचा जो फरक पडतो तीच धुराड्याची ओढ. ती पास्कलमध्ये मोजतात, आणि हा दाब फार नाजूक असतो. एक पास्कल म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीच्या थराच्या दाबाचा साधारण दहावा भाग. असे स्टोव्ह कंपनीत साधारण १२ पास्कलच्या ओढीवर तपासतात. इथे स्टोव्ह छान पेटलेला असताना ओढ होती १६. नुसते निखारे असताना ६. चिमणी पूर्ण वेगावर चालवली की सगळी खोली बाहेरच्या मानाने ८ पास्कलने खाली जायची. म्हणजे ज्वाळा असताना १६ मधून ८ गेले, उरले ८, धूर कसाबसा वर. निखारे असताना ६ मधून ८ वजा. धुराडं उलटं झालं, छपरावरची हवा खाली यायला लागली आणि निखाऱ्यांवरून खोलीत.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ज्वाळा असताना गळती झाली तर धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस खिडकी उघडतो. निखाऱ्याला धूर नसतो. दांडी बंद करून धुमसत ठेवलेले निखारे कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त करतात, आणि नेमकी त्याच वेळी धुराड्याची ओढ सगळ्यात कमी असते.

हे काकांना समजावायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. साताऱ्याच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता. "मधल्या नळीत निखारे असतात," ते म्हणाले, "आणि खालची राख काढली नाही तर बंब धुमसतो, पेटत नाही. हवा खालून यायला पाहिजे ना." बंब पेटवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. वरच्या तोंडाला कितीही ओढ असू दे, खालून हवा मिळाली नाही तर काय ओढणार? या घराला वरून सहा-साडेसहा मीटर उंचीचं उत्तम धुराडं होतं (किमान साडेचार मीटर लागतं), आणि खालची राख म्हणजे आमची टेप, सिलिकॉन, दुहेरी काच.

भोक पाडून भागेल का?

घरच्यांनी लगेच विचारलं, मग भिंतीत भोक पाडू या का? मीही आधी तेच म्हणाले असते. पण आकडे मांडून बघा. पाच किलोवॅटचा स्टोव्ह तासाला साधारण दीड किलो लाकूड खातो आणि त्याला पंधरा-वीस घनमीटर हवा लागते. चिमणीच्या खोक्यावर तासाला ६५० घनमीटर लिहिलेलं होतं. बाहेरच्या तोंडाशी मोजलं तर प्रत्यक्षात ३४० च्या आसपास. पाच किलोवॅटसाठी नियमाचं भोक २७५० चौरस मिलिमीटर, काडेपेटीच्या वरच्या बाजूच्या साधारण दीडपट. आठ पास्कलला त्यातून तासाला वीस-एकवीस घनमीटर हवा येईल. म्हणजे ते भोक स्टोव्हपुरतं आहे. चिमणी त्यातली हवा सहज पळवेल आणि तिची भूक तशीच राहील.

थेट बाहेरून नळीने स्टोव्हच्या पोटात हवा देण्याची सोयही मिळते, आणि नव्या घट्ट घरात ती मी नेहमी सुचवते. पण लाकूड घालायला दार उघडलं की स्टोव्ह परत खोलीचा होतो. चिमणी जोरात असेल तर त्या क्षणी धूर बाहेर.

म्हणून पहिलं काम चिमणीचं केलं. तिची बाहेर जाणारी नळी बंद करून कोळशाच्या गाळणीतून हवा परत खोलीत सोडणारी व्यवस्था केली. एवढ्याने वास गाळला जातो, पण वाफ जात नाही, आणि इथल्या थंडीत वाफ साठली की भिंतींना बुरशी धरते. त्यासाठी भिंतीत जेवढी हवा बाहेर तेवढीच आत आणणारा, उष्णता वाचवणारा जोडपंखा बसवला. काकूंना ही नवी चिमणी आवडलेली नाही. फोडणीचा वास पूर्वीसारखा जात नाही हे खरं आहे, आणि मी ते आधीच सांगितलं होतं.

दुसरं, स्टोव्हमागच्या भिंतीत २७५० चौरस मिलिमीटरचं, बंद न होणारं भोक. बाहेरच्या भिंतीच्या दोन्ही थरांतून अखंड नळी घालून, म्हणजे हवा पोकळीत हरवणार नाही. खिडक्यांवरची टेप मी स्वतः काढली.

तिसरं काम धुराड्याचं, आणि ते सर्वांत महाग पडलं. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीत आहे, तीन बाजूंनी थंडीत उभं. आत १५० मिलिमीटरची स्टीलची लवचीक नळी सोडलेली होती, पण नळी आणि विटांमधली जागा रिकामी. वर जाता जाता धूर गार होत होता, आणि गार धुराला ओढ नसते. त्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता अडवणारं हलकं खनिज, भरलं. शिवाय स्टोव्हच्या मागून निघणारी आडवी नळी जवळजवळ एक फूट लांब होती. तिथे काजळी साठून होती. आडवा भाग १५० मिलिमीटरहून जास्त नको. स्टोव्ह थोडा मागे सरकवून ती तेवढी केली. आधी बसवणाऱ्याने ती लांब का ठेवली ते कागदात कुठे नाही, स्टोव्ह दर्शनी दिसावा म्हणून असेल.

परत मोजलं तेव्हा

फेब्रुवारीत परत गेले. बाहेर पाच अंश, वारा नाही. कोरडं लाकूड, १७ टक्के. ज्वाळा असताना ओढ २२. निखारे असताना ११. मग घरातलं हवा ओढणारं जे जे आहे ते सगळं लावलं: जोडपंखा, न्हाणीघराचा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, आणि सगळ्या खिडक्या-दारं बंद. खोली २ पास्कलने खाली गेली. निखाऱ्यांवर ९ उरले. धुराची गोळी ठेवली, पाच मिनिटं बघत बसलो, एक धागाही बाहेर आला नाही. अलार्मची डबी तिच्या जागी परत लावली: स्टोव्हपासून एक ते तीन मीटरच्या आत, भिंतीवर, दारा-खिडक्यांच्या चौकटीच्या वर आणि छतापासून १५० मिलिमीटर खाली. एक दुसरी डबी मुलांच्या खोलीत.

मीटरच्या खोक्याशेजारी धुराड्याची माहितीची पाटी असते, नळीचा व्यास, जात, बसवल्याची तारीख. नवी पाटी लावली, त्यात चिमणी कुठली आहे तेही लिहिलं. पुढे कोणी घर घेतलं आणि बाहेर हवा फेकणारी नवी चिमणी आणली तर त्याने निदान ते वाचावं.

काका मार्चमध्ये सातारला परत गेले. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता, न्हाणीघरातल्या गॅस गीझरबद्दल. खिडकीला प्लास्टिकचा कागद लावलेला होता, थंडी येते म्हणून. कागद काढलाय, पण गीझरच बाहेर गच्चीच्या भिंतीवर हलवायचा तर पाइप किती लांब चालेल, असं विचारत होते. मी त्यांना सध्या अंघोळीच्या आधी पाणी बादलीत काढून गीझर बंद करायला आणि मगच दार लावायला सांगितलं आहे. प्लंबर पुढच्या सोमवारी येतोय.